खडूचा खिसा

"यंदा दिवा चालूच ठेवू या," धाकटी सून म्हणाली, आणि जेवणाचं टेबल गप्प झालं.

रविवारची उपासना उरकून सगळे जेवायला बसले होते. पाळकसाहेबही होते, कारण महिन्याचा शेवटचा रविवार आणि त्या रविवारी त्यांचं जेवण याच घरी, हा सासूबाईंनी घालून दिलेला नियम. सासूबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या, पण त्यांचे नियम घरात अजून राहायला होते. दिव्याचा नियम तर त्यातला सगळ्यात पक्का.

पुढे दुकान आणि मागे घर. दुकान शिंप्याचं. पाटीवर एक मोठा दिवा आहे आणि तो वर्षाचे सगळे दिवस संध्याकाळी लागतो, फक्त एक दिवस सोडून. पानगळीत हॅलोविनच्या दिवशी गल्लीतली पोरं भुतं-चेटकिणी होऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. त्या दिवशी चार वाजताच या घराचं शटर खाली यायचं, दिवा बंद व्हायचा, पडदे ओढले जायचे आणि अख्खं घर मागच्या शिवणखोलीत अंधारात प्रार्थनेला बसायचं. गल्ली शांत होईपर्यंत उठायचं नाही. प्रार्थना सासूबाई चालवायच्या. गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा ती थोरल्या सुनेनं चालवली होती, आणि सासूबाई पलंगावरून तिला म्हणाल्या होत्या, "आता हे तुझं." एवढ्या तीन शब्दांवर थोरलीनं वर्ष काढलं होतं.

"चालू म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे चालू, ताई. दारही उघडं. बाहेर टेबल मांडू, पोरांना गोळ्या देऊ." धाकटी शाळेत शिकवायची. समोरच्याला समजेपर्यंत बोलायची तिला सवय होती. "दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आपण काय करतो? सगळ्या पवित्र जनांची आठवण. मग ही त्यांचीच आदली संध्याकाळ झाली ना? नाताळची आदली संध्याकाळ आपण कुणाला देऊन टाकतो का? मग ही का भुतांना आंदण द्यायची?"

"आंदण कुणी देत नाहीये. आपण त्यात भाग घेत नाही, एवढंच. ज्याला त्या अंधाराशी देणंघेणं नाही, त्यानं दार लावून घ्यावं. त्यात शिकवण्यासारखं काही नाही."

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं. ते सगळ्यांना कळलं, आणि थोरलीला सगळ्यांच्या आधी.

"अगं, पोरांचा खेळ तो," तिचा नवरा मध्ये पडला. याला घरात थोरला म्हणत. दुकानाचं सगळं तोच बघायचा आणि बायकोच्या बाजूनं बोलायचं सोडून बाकी सगळं त्याला छान जमायचं. "चादरीला दोन भोकं पाडली की झालं भूत. त्यात सैतान कुठून येतो?"

"तुम्ही जेवा."

"वहिनी म्हणते ते बरोबर आहे," धाकटा दीर म्हणाला. धाकटीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं घाईघाईनं पाण्याचा ग्लास उचलला. तरी तो बोललाच. "आई असती तर हा विषयच निघाला नसता."

म्हणजे एकीचा नवरा दुसरीच्या बाजूला आणि दुसरीचा पहिलीच्या. या घरात बाजू घेताना नाती कधीच सरळ लागत नसत. दुकान वाढवायच्या वेळीही असंच झालं होतं.

आता सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर म्हणजे सासरे. साठ वर्षं कात्री चालवलेला माणूस. आता हात थरथरतो म्हणून ते कापत नसत, पण कापणाऱ्याच्या मागे उभे राहून खाकरत असत, आणि त्या खाकरण्यानं भल्याभल्यांची कात्री थांबायची.

"यंदा किती शिवली?" त्यांनी थोरल्याला विचारलं.

"काय?"

"भुतं."

"अठ्ठावीस, बाबा. सांगाडे अकरा, चेटकिणी नऊ. बाकीची किरकोळ."

"म्हणजे महिनाभर भुतं पुढच्या दारानं मापं द्यायला येतात," मास्तर म्हणाले. "आपण त्यांना बसा म्हणतो. त्यांच्या आयांना चहा देतो. आणि तीच भुतं आपणच शिवलेले कपडे घालून आली, की आपण दार लावून घेतो."

पाळकसाहेबांना ठसका लागला. तो हसण्याचा होता हे लपवायला त्यांनी रुमाल काढला.

"काम वेगळं आणि विश्वास वेगळा, बाबा," थोरली म्हणाली.

"वेगळा आहे खरा. तेच बघतोय कधीपासून."

तेवढ्यात चिमणी बोलली. चिमणी म्हणजे थोरलीची अकरा वर्षांची एकुलती एक मुलगी. मोठ्यांच्या बोलण्यात ती तोंड घालत नसे, पण घातलं तर नेम धरून. "गल्लीतली मुलं आपल्या घराला भुताचं घर म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळीच. सगळ्या गल्लीत दिवे असतात आणि आपलं एकटंच काळं. आणि आतून आवाज येतात."

"कसले आवाज?"

"आपण गातो ना अंधारात. ते."

या वेळी रुमालाचाही उपयोग झाला नाही. पाळकसाहेब हसले, थोरला हसला, मास्तरांचे खांदे हलले. धाकटीनं मात्र ओठ आवळून धरले होते. तिचं ते न हसणं थोरलीला सगळ्यात जास्त झोंबलं. हसली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि गंभीर झाले. "हे बघा, शास्त्रात या दिवसाचं नाव नाही. ज्याला दार लावून प्रार्थना करावीशी वाटते त्यानं प्रभूसाठी लावावं, ज्याला उघडावंसं वाटतं त्यानं प्रभूसाठी उघडावं. एकानं दुसऱ्याला कमी लेखलं की दोघांचंही चुकलं. ताईंनी इतकी वर्षं या गल्लीसाठी प्रार्थना केली, ती काही वाया गेलेली नाही." मग ते धाकटीकडे वळले. "पण सुचलंय बरं तुम्हाला."

एवढं सगळं बोलले, त्यातलं थोरलीच्या कानात शेवटचं तेवढं राहिलं. सुचलंय बरं. बारा वर्षं तिनं रविवारची शाळा चालवली होती. गाणी पाठ करून घेतली, वचनं घोकून घेतली, कुणाला ताप आला तर घरी जाऊन डोक्यावर हात ठेवला. एकदाही तिला कुणी म्हणालं नव्हतं की सुचलंय बरं. मग धाकटी लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत एक फळा घेऊन चर्चच्या हॉलमध्ये उभी राहिली. फळ्यावर चित्रं काढत गोष्ट सांगायला लागली. पोरं पंचवीसची साठ झाली. "ताईंना जरा विश्रांती देऊ," असं तेव्हा याच पाळकसाहेबांनी म्हटलं होतं. ती विश्रांती म्हणजे हॉलशेजारच्या खोलीत चहाच्या किटल्या सांभाळणं. गेली दोन वर्षं थोरली तिथे दाराशी उभी राहून, हॉलकडे बघत चहा करत होती आणि विश्रांतीनं थकून गेली होती.

"दिवा चालू राहू दे," मास्तरांनी निकाल दिला. "यंदा करून बघू."

धाकटीचा बेत तयारच होता. रविवारच्या शाळेतली मुलंही वेष करून यायची, पण भुतांचे नाही. ज्या माणसामुळे देव आपला वाटायला लागला, त्या माणसाचा वेष करायचा. मेलेलं असो की जिवंत, ओळखीचं असो की पुस्तकातलं. दिव्याखाली उभं राहून त्याच्याविषयी चार वाक्यं बोलायची. गल्लीतली भुतं गोळ्या घ्यायला थांबतील, तेवढ्यात ऐकतील. कोण कोण होणार, हे मात्र आधी कुणाला सांगायचं नाही.

जेवण झाल्यावर थोरली भांडी विसळत होती. नवरा फडकं घेऊन शेजारी उभा राहिला.

"तुला नेमकं काय खुपतंय? दिवा की ती?"

"दिवा," थोरली म्हणाली.

ती खोटं बोलणारी बाई नव्हती. म्हणून तर बशी हातातून निसटली.

*

चिमणीनं चिठ्ठी आणली ती मंगळवारी.

दुकानात मापाच्या चिठ्ठीवर नाव लिहायची पद्धत नव्हती. नाव वाचलं की हात माणसाप्रमाणे चालतो, असं मास्तरांचं म्हणणं. आवडत्याचं कापड सरळ कापलं जातं आणि नावडत्याचं तिरकं. म्हणून चिठ्ठीवर फक्त मापं, कापड आणि खाली 'विशेष' म्हणून एक ओळ. चिमणी दुकानातच रांगली होती, तिची चिठ्ठी अगदी रीतसर होती. छाती, उंची, बाही. कापड राखी. लांब बाह्यांचा एप्रन, पुढे पाच बटणं. विशेष: डावीकडे वर खडूचा खिसा.

थोरलीनं ती एकदा वाचली. मग स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. अंगात राखी एप्रन होता. लांब बाह्यांचा, पुढे पाच बटणांचा. कापडाचे दोरे आणि तंतू कपड्यांना लागू नयेत म्हणून गेली चौदा वर्षं ती कापायच्या टेबलापाशी हाच घालत होती. फाटला की तसाच दुसरा. डावीकडे वर एक खिसा होता. त्यात कापडावर खुणा करायचा खडू होता.

तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली.

"कोण होणार आहेस गं?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला फार कष्ट पडले.

"सांगायचं नाही असं ठरलंय ना."

"काकूला सांगितलंस?"

"नाही. काकूला तर मुळीच नाही."

मुळीच नाही! थोरलीनं पोरीला जवळ ओढलं, माप घ्यायचं निमित्त करून. मापं चिठ्ठीवर होतीच. तरी तिनं खांदा मोजला, पाठ मोजली, मनगट मोजलं.

"आई, गुदगुल्या होतात."

"हलू नकोस. माप चुकेल."

त्या दिवशी शेवटचे तीन सांगाडे शिवायचे होते. ते तिनं बाजूला सारले. राखी कापडात सगळ्यात चांगलं होतं ते काढलं आणि स्वतः कापलं. बटणपट्टीला आतून अस्तर दिलं, जे कुणाला दिसणार नव्हतं. आणि खिसा तर तिनं मन लावून केला. शिंप्याचा खडू बिस्किटाएवढा, चपटा, तीन कोनांचा. खोल खिशात तो तळाशी जाऊन मोडतो. म्हणून खडूचा खिसा दोनच बोटं खोल करायचा, रुंद करायचा आणि अंगाशी चापून शिवायचा. हे बाहेरच्या शिंप्यांनाही ठाऊक नसतं. तिला मास्तरांनी शिकवलं होतं.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "दिवा राहू दे चालू. माझं काही म्हणणं नाही."

थोरल्यानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात थोरलीइतकी प्रेमळ जाऊ अख्ख्या गावात सापडली नसती. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काही लागत नाही. बाहेरच्या टेबलावर घालायला तिनं आपणहून कापड काढून दिलं. गोळ्यांच्या पुड्या बांधायला बसली. आणि तयार झालेला एप्रन तिनं शिवणखोलीत अशा जागी टांगला की येणाऱ्याच्या नाकासमोर यावा.

गुरुवारी धाकटी शाळेतून आली आणि त्याच्यासमोर थबकली. तिनं बाही दोन बोटांत धरून पाहिली.

"चिमणीचा?"

"हं."

"तुमच्यासारखाच आहे, ताई."

"पोरीनं माप दिलं, मी शिवला. मी काय बोलणार त्यात?" थोरली म्हणाली. वर आणखी म्हणाली, "शेवटी पोरांना कळतंच कोण आपलं ते."

धाकटी हसली. पण ते हसू ओठांतच आटलं. या घरात तिला चार वर्षं झाली होती. दुसऱ्या वर्षी एक पाळणा यायचा होता आणि आला नाही, त्याविषयी आता कुणी बोलत नसे. चिमणीचा अभ्यास, चिमणीची वेणी, चिमणीचं नखं खाणं, हे सगळं तिनं हळूहळू आपल्याकडे घेतलं होतं आणि थोरलीनं दात आवळून घेऊ दिलं होतं. आता ती बाही सोडून आपल्या खोलीत गेली.

थोरलीला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. झोपण्याआधी तिनं त्याबद्दल देवाची क्षमा मागितली आणि ते बरं वाटणं मात्र तसंच ठेवून दिलं.

*

हॅलोविनच्या दिवशी पाच वाजता मास्तरांनी स्वतःच्या थरथरत्या हातानं बटण दाबलं. अजून उजेड होता, त्यामुळे दिवा काही फार दिसला नाही. पण समोरच्या घरातली बाई गॅलरीत येऊन बघायला लागली. तिनं नवऱ्यालाही हाक मारून बोलावलं.

बाहेर धाकटी टेबल मांडत होती. रविवारच्या शाळेतली मुलं जमायला लागली होती. एकानं पणजोबांचा कोट घातला होता आणि तो त्याच्या घोट्यापर्यंत येत होता. एक मुलगी नर्स होऊन आली होती. तिच्या आजारपणात रोज तिच्यासाठी प्रार्थना करणारी नर्स. तिकडून गल्लीच्या तोंडाशी पहिला सांगाडा दिसला. दुकानातलाच होता, थोरल्यानं पाठीवरच्या शिवणीवरून लांबूनच ओळखला.

थोरली शिवणखोलीत चिमणीला तयार करत होती. पाच बटणं लावली. कॉलर नीट केली. पोर काय बोलेल? चारच वाक्यं, पण दिव्याखाली, पाळकसाहेबांसमोर, गल्लीसमोर. आणि धाकटीसमोर.

चिमणीनं आपल्या डबीतून खडू काढला आणि खिशात घातला. तो दोन बोटं आत गेला, बाकीचा वर राहिला. ती जरा वाकली तसा तो बाहेर पडला आणि फरशीवर त्याचे दोन तुकडे झाले.

"आई, हा खिसा चुकलाय."

थोरलीनं तुकडे उचलले. पांढरा, गोल, लांबट खडू.

"हा नाही गं. हा फळ्याचा खडू."

"हो."

"आपला चपटा असतो."

"तो तुझा. मला हाच पाहिजे." चिमणीनं डबीतून दुसरा काढला. तसाच पांढरा, गोल. "काकूचा असा असतो."

थोरलीनं हातातले तुकडे मशीनवर ठेवले.

"काकू एप्रन कुठे घालते?"

"आमच्या शाळेत. यंदापासून सगळ्या बाईंना दिलेत, राखी. ती तिथेच टांगून येते." मग चिमणीनं आईच्या अंगातल्या एप्रनकडे पाहिलं आणि स्वतःच्या. तिच्या आत्ता लक्षात आलं. "आई... तुला वाटलं की..."

"मला काही वाटलं नाही."

"मग खिसा बदलून दे ना."

"वेळ नाही आता. हातात धर खडू."

"हातात नसतो. ती खिशातून काढते, मग गोष्ट सुरू होते."

"म्हटलं ना वेळ नाही! इतका हट्ट असेल तर काकूकडूनच घे शिवून."

धाकटीला साधी टीप घालता येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. बाहेर मुलांचा गलका वाढला होता. थोरलीच्या अंगाचा नुसता जाळ होत होता. राग पोरीचा नव्हता. धाकटीचाही नव्हता म्हणायचा. राग त्या अस्तराचा होता, जे तिनं कुणाला दिसणार नाही तरी आतून लावलं होतं.

"तीच का?" तिनं विचारलं. असं विचारायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. "ज्याच्यामुळे देव आपला वाटला, त्यात तुला काकूच सापडली? बोलायला लागलीस तेव्हा प्रार्थना कुणी शिकवली तुला?"

"तू."

"मग?"

चिमणी खडू बोटांत फिरवत राहिली. "सांगू? रागावणार नाहीस?"

"नाही."

"आपण इथे अंधारात बसायचो ना, तेव्हा तू माझा हात धरायचीस. खूप घट्ट. प्रार्थना जोरात झाली की आणखी घट्ट. मला वाटायचं, बाहेरचं काहीतरी आत येणारे आणि देवाला ते थांबवता येणार नाहीये, म्हणून तू एवढं धरून ठेवलंयस. मग मला देवाचीपण भीती वाटायची." ती थांबली. "काकूकडे भीती नाही वाटत."

थोरलीला वाटलं, कुणीतरी आपल्याला उभं उसवलं. पोर खोटं बोलत नव्हती. ती घट्ट धरायची, हे खरं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी याच खोलीत सासूबाईंनी तिचा हात तसाच धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत, आणि तिला तेव्हा घाम फुटला होता. पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मोठ्यांना असं सांगता येतं, हेच तेव्हा तिला माहीत नव्हतं.

"काढ," ती म्हणाली.

"काय?"

"एप्रन. घालून कसा शिवू?"

तिनं छोटी कात्री घेतली आणि तो सुंदर खिसा टाका टाका करून उसवला. दोन दिवसांचं कौतुक दोन मिनिटांत सुटं झालं. मग तिनं खडू कापडावर आडवा ठेवून खुणा केल्या: चार बोटं खोल, अडीच बोटं रुंद, तळ दुहेरी. मशीन सुरू झालं. हेवा गेला होता म्हणावं तर तसं काही नव्हतं. तो तिथेच होता, मशीनच्या आवाजात तिच्या शेजारी बसला होता. पण नावडत्याचं कापड तिरकं जातं म्हणतात, तसं तिनं जाऊ दिलं नाही. शिवण सरळ आली.

"घाल."

चिमणीनं एप्रन चढवला. खडू खिशात घातला आणि दोन उड्या मारल्या. पडला नाही. मग ती सराव म्हणून भिंतीसमोर उभी राहिली, कारकुनानं पेन काढावं तसा फटकन खडू काढला आणि म्हणाली, "मुलांनो, आज आपण..."

"अशी नाही करत ती," थोरली म्हणाली.

"मग कशी?"

"खडू आधी काढत नाही. आधी नुसती उभी राहते. डाव्या पायावर भार." थोरली उठली आणि स्वतः उभी राहिली. "सगळ्यांकडे बघते. मागे कुणी दंगा करत असेल तर त्याच्याकडे नाही, त्याच्या शेजारच्याकडे बघते. मग केस कानामागे. मग उजव्या हाताची दोन बोटं कुर्त्याच्या खिशात, अशी. खडू काढला की एकदा त्याला फुंकर मारते. उगाच. आणि 'मुलांनो' कधी म्हणत नाही. म्हणते, 'काल काय झालं माहितीये?' दोन हजार वर्षांपूर्वीचं सांगायचं असलं तरी म्हणते काल."

"हो!" चिमणी आनंदानं ओरडली. "कालच म्हणते!"

"आणि चित्र काढून झालं की मागे सरकून मान अशी वाकडी करते. आपलंच चित्र पहिल्यांदा बघितल्यासारखी. आणि हसते." थोरलीनं मान वाकडी केली आणि हसली. ते हसणं तिचं नव्हतं, अगदी हुबेहूब दुसरीचं होतं.

"मी अशी करते?"

धाकटी दारात उभी होती. चिमणीला बोलवायला आली असावी. हातात गोळ्यांची पुडी तशीच होती. ती आधी पोरीच्या एप्रनकडे बघत होती, खिशातून डोकावणाऱ्या खडूकडे बघत होती, आणि हळूहळू तिला कळत गेलं की दिव्याखाली आज कोण उभं राहणार आहे. तिनं दाराची चौकट धरली. तिचा चेहरा असा काही झाला की थोरलीला तिकडे बघवेना. पोटी मूल नसलेल्या त्या बाईला या क्षणापुरतं एक मिळालं होतं, आणि ते सजवून, बटणं लावून थोरलीनंच तिच्यासमोर उभं केलं होतं.

"ताई," धाकटी कशीबशी म्हणाली, "एवढं बारीक... तुम्ही कधी बघितलंत मला?"

थोरलीनं पोरीची कॉलर सरळ केली. काहीतरी गोड बोलता आलं असतं. पाळकसाहेब नक्की बोलले असते.

"जळत होते तुझ्यावर," ती म्हणाली. "दोन वर्षांत एक रविवार चुकवला नाही."

मग ती चिमणीकडे वळली आणि म्हणाली, "पुन्हा कर बघू पहिल्यापासून. डावा पाय."